पारोळ्याला काय झालं

हिलाल,

तुझ्या गंधमुक्तीला, सुतक फिटायच्या दिवशी, निवडणुकीला उभं राहू इच्छिणारे एक गृहस्थ तुझ्याबद्दल बोलले. ते येईपर्यंत कार्यक्रम थांबवला होता. आल्यावरही थांबवला, कारण ते गाडीतून उतरेनात. आम्ही मांडवात टोप्या-रुमालांनी वारा घेत बसलेलो, आणि ते काचा वर करून, इंजिन चालू ठेवून आत फोनवर बोलत होते. मी सवयीने गाडीखाली पाहिलं. पाण्याचे थेंब एका लयीत पडत होते, म्हणजे आतली कूलिंग कॉइल साफ आणि पाण्याची नळी मोकळी. काम तुझंच असणार. तुझ्या शोकसभेत सगळ्यांत गार बसलेल्या माणसाला तूच गार ठेवलं होतंस.

उतरल्यावर ते म्हणाले, न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे. आपल्या गाड्यांच्या एसीच्या धंद्यात पोकळी, म्हणजे व्हॅक्यूम, ही गॅस भरण्याआधीची पायरी. पंप लावायचा, अर्धा तास ओढायचं आणि काटा टिकतो का ते बघायचं. त्यांना हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. मागच्या फ्लेक्सवर तुझा फोटो होता आणि त्याच्याभोवती शोक करणाऱ्यांचे फोटो, तुझ्यापेक्षा मोठे. तुझ्या फोटोखाली लिहिलं होतं, ‘शीतल व्यक्तिमत्त्व हरपले’. तू मनापासून हसला असतास. मला हसायची सोय नव्हती.

मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं. ‘जळगावहून त्यांचे गुरुबंधू आले आहेत,’ असं कुणीतरी माइकवरून सांगितलं. मी उठलो, हिलाल माझा जुना मित्र होता म्हणालो आणि बसलो. खरं सांगायचं तर असं सांगावं लागलं असतं, की बावीस वर्षं मी या माणसावर जळत आलो. मांडवात ते शोभलं नसतं, म्हणून इथे लिहितो.

तुला माहीतच आहे, माझं दुकान जळगावातून धुळ्याकडे निघताना, गिरणेच्या पुलाच्या अलीकडे आहे. मी हायवेवर जागा घेतली तेव्हा सगळे म्हणाले, मोक्याची आहे. मोक्याची होतीच. जळगावची जी जी गाडी तुझ्याकडे गेली, ती ती मला दिसली. एप्रिल-मे महिन्यात दुपारी चारी काचा खाली करून, तोंडाला रुमाल बांधून जो माणूस पश्चिमेकडे जातो, त्याचा एसी बंद असतो, आणि तो माझ्या दारावरून नव्वद किलोमीटर लांब तुझ्याकडे निघालेला असतो. संध्याकाळी तीच गाडी काचा वर करून परत यायची. मी खुर्चीत पुस्तक घेऊन बसायचो. पान उलटायला एक हात लागायचा, आणि दुसऱ्या हाताने मी तुझं यश मोजायचो. खाली, वर. खाली, वर.

माझा सख्खा मेहुणा सुनील एकदा असाच गेला. दुकान आलं तसा तो सीटवर घसरून इतका खाली गेला की गाडी आपोआप चालल्यासारखी दिसली. त्याच्या शेजारी वहिनी होत्या. त्यांना लपता आलं नाही, त्यांनी हात हलवला. मीही हलवला. घरी आल्यावर बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, “अहो, मग तुम्ही पण शिकून घ्या ना हिलालभाऊंकडून.” त्या रात्री मी जेवलो नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. जेवलो. पण भाजीत मीठ कमी आहे असं उगाच म्हणालो.

आपण दोघं एकाच ठिकाणी शिकलो, हेच तर दुखणं होतं. शेख उस्तादांच्या गॅरेजात तू माझ्यानंतर दोन महिन्यांनी आलास, एरंडोलकडच्या तुझ्या गावाहून, अंगात शर्ट आणि तोंडात अहिराणी एवढं घेऊन. गाडीतला एसी आपण दोघांनी पहिल्यांदा अनुभवला तो एका डॉक्टरांच्या गाडीत. त्यांची तक्रार होती की गाडी गार होत नाही, आणि उस्तादांना तर ती गार वाटत होती. उस्ताद म्हणाले, “बैठो अंदर, शीशे चढ़ाओ. दस मिनट बाद बताओ, क्या कमी है.” मी पुढे बसलो आणि प्रत्येक झरोक्यावर तळहात धरून हवा जोखू लागलो. तू मागे बसलास आणि झोपलास. चक्क घोरलास. दहा मिनिटांनी मी सगळ्या झरोक्यांचा हिशोब दिला. ही गोष्ट मी पुढे तीस वर्षं लोकांना तुझ्या झोपेसाठी सांगितली. शेवटचा भाग मात्र कधी सांगितला नाही. तू डोळे चोळत उठलास आणि उस्तादांना विचारलंस, “डॉक्टरसायेब गाडीमा कोठे बसतस?” डॉक्टर पुढे बसायचे. त्यांच्या बाजूची काच नीट बसत नव्हती, वरून बोटभर फट राहायची, आणि दुपारचं ऊन आणि वारा थेट त्यांच्या मानेवर यायचा. एसीत काही कमी नव्हतं. उस्तादांनी तुझ्या पाठीवर थाप मारली. माझ्या पाठीवरही मारली, पण ती दुसरी होती.

पुढे तुझं लग्न झालं, सासर धुळ्याचं, आणि तू तिकडे दुकान टाकलंस. मी वाचत गेलो. इंग्रजी मॅन्युअलं शब्दकोश घेऊन वाचली, गेज घेतले, गळती शोधायचं यंत्र घेतलं. तुझ्याकडे फाटक्या गादीचा एक बाक होता. गिऱ्हाईक आलं की तू बॉनेटकडे बघायचा नाहीस. त्याला बाकावर बसवायचास, पाणी द्यायचास आणि विचारायचास, “पारोयाले काय व्हयनं?” पारोळ्याला काय झालं. मग एरंडोलला काय झालं, टोलच्या रांगेत काय झालं, पाळधीला काय झालं. सुसाट रस्त्यावर गार आणि रांगेत गरम, म्हणजे पुढचा पंखा किंवा कंडेन्सर. तासाभराने हवा मंदावली आणि चहाला थांबून निघाल्यावर परत सुरू झाली, म्हणजे आत बर्फ. जळगावकर नव्वद किलोमीटर तापत यायचे आणि वाटेतली गावं तुझ्यासाठी निदान करून ठेवायची. मला हे एका गिऱ्हाइकाकडून कळलं तेव्हा इतका आनंद झाला, की मी त्याची गाडी त्या दिवशी जास्तच मन लावून केली. तुझी विद्या सापडली होती. ती विद्या नव्हतीच, तो रस्ता होता. माझ्याकडे गिऱ्हाईक दोन गल्ल्यांवरून येतं. त्याला मी काय विचारणार? चौकात काय झालं?

चार वर्षांपूर्वी मी तुझ्याकडे आलो ते कुणालाच माहीत नाही. माझ्या स्वतःच्या गाडीचा एसी मधूनच बंद पडत होता. मी तीन आठवडे शोधलं. गेज बरोबर, गॅस बरोबर, वायरिंग बरोबर, एसी बंद. एका रविवारी, दुकानाचं शटर खाली असताना, मी माझ्याच दारावरून काचा खाली करून धुळ्याला आलो. तोंडाला रुमालही बांधला होता. तो उन्हासाठी होता असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

तू बाकावर पेपर वाचत होतास. मला पाहून उठलाससुद्धा नाहीस.

“ये भो. पारोयाले काय व्हयनं?”

“तू आधी बॉनेट उघड.”

“उघडसू. पहिले सांग.”

“मी काय गिऱ्हाईक आहे?”

“काचा खाली करीसन उना, मंग काय पाव्हना शे?”

काचा खाली करून आलो होतो, म्हणजे पाहुणा नव्हतोच; तरी मी सांगितलं नाहीच. पारोळ्याला काय झालं ते मला आठवतच नव्हतं, कारण मी सगळ्या वाटेवर तुला काय काय सुनावायचं याची तयारी करत होतो. तू हात पुसलेस, किल्ली घेतलीस आणि म्हणालास, “चाल मंग, परत पारोया जाऊ.” आणि खरंच निघालास. मुकटीला तू विचारलंस, हल्ली काय वाचतो. मी सांगितलं. तू म्हणालास, त्यात एसीबद्दल काही आहे का. मी म्हटलं, नाही. तू म्हणालास, मग चांगलं असेल.

पारोळ्याच्या टपरीवर तू इंजिन बंद न करता चहा मागवलास. पाच मिनिटांत आतली हवा गरम झाली. तू बॉनेट उघडलंस, एक लाकडी दांडकं घेतलंस आणि कंप्रेसरच्या तोंडाशी असलेल्या क्लचच्या चकतीला हलकेच टेकवलंस. टक्क झालं आणि हवा गार आली. चकती झिजून तिच्यामागची फट वाढली होती. इंजिन तापलं की चुंबकाला तेवढ्या लांबून ती ओढता येत नव्हती. माझ्या दुकानात मी गाडी कधी तेवढी तापू दिलीच नव्हती, कारण मी प्रत्येक वेळी सकाळी, शांत डोक्याने, थंड इंजिनावर तपासत होतो. तू चकतीमागचं एक पातळ वॉशर काढून माझ्या हातावर ठेवलंस. एवढंच काम होतं.

तेव्हा मी ते बोललो. “हिलाल, तुझी विद्या म्हणजे हे नव्वद किलोमीटर आहेत. हा रस्ता मला दे, मग बघू कोण चांगला.”

तू बशीत चहा ओतलास. “ले ना भो. रस्ता काय मन्हा बापना शे का?”

“रस्त्याशिवाय तू काहीच नाहीस.”

“रस्ता शे. पन आजून एक गोष्ट शे.”

“कोणती?”

तुझा फोन वाजला. फोन संपल्यावर तू म्हणालास, “तू जवय मनापासून इचारशी, तवय सांगसू.” मनापासून विचारशील तेव्हा सांगेन. मी विचारलं नाही. त्यानंतर आपण तीन लग्नांत भेटलो, गॅसच्या सिलिंडरांसाठी कितीदा तरी फोनवर बोललो, एकदा तुझ्या पोरीच्या साखरपुड्यात एकाच पंगतीत बसलो. प्रत्येक वेळी प्रश्न माझ्या तोंडाशी होता. पण विचारणं म्हणजे गिऱ्हाईक होऊन बाकावर बसणं, आणि गिऱ्हाईक मी एकदा होऊन आलो होतो.

गंधमुक्तीला सरलावहिनी मला म्हणाल्या, “भाऊ, इतक्या वर्षांत तुम्ही यांच्या दुकानावर कधी आलाच नाहीत. यांना फार वाटायचं.” म्हणजे तू बायकोलाही सांगितलं नव्हतंस. उपकार करणाऱ्याने निदान ते चार लोकांत बोलून दाखवावेत, म्हणजे घेणाऱ्याला त्याचा राग तरी करता येतो. तू तेवढीही सोय ठेवली नाहीस.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

गंधमुक्तीनंतर दहा-बारा दिवसांनी पश्चिमेकडून, म्हणजे धुळ्याकडून, एक गाडी आली. चारी काचा खाली. ती वेग कमी करून माझ्या दारात वळली. मला काय वाटलं ते लिहितो, तुझ्यापासून लपवून उपयोग नाही. आनंद झाला. लाज वाटेल एवढा.

गाडीतून मदनशेठ उतरले, धुळ्याचे कापडवाले. मागोमाग त्यांच्या आई, ज्यांना सगळे माजी म्हणतात. माजींच्या गुडघ्यांसाठी दर पंधरा दिवसांनी जळगावच्या डॉक्टरांकडे यायचं असतं. शेठ म्हणाले, “हिलाल तर गेला. आता तुम्हीच.” मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि ज्या वाक्यावर मी बावीस वर्षं जळलो ते स्वतःच्या तोंडाने म्हटलं.

“शेठ, पारोळ्याला काय झालं?”

त्यांनी तयार उत्तर दिलं. तूच तयार केलेलं गिऱ्हाईक होतं ते. “मुकटीपर्यंत झकास. पारोळ्याला हवा कमी झाली. टोलला नुसता पंख्याचा आवाज, हवा नाहीच. एरंडोलला चहा घेतला, परत झकास. पाळधीला पुन्हा तेच.”

बर्फ. मी जागेवरून न उठता ओळखलं. कूलिंग कॉइलवर बर्फ धरतो, हवेची वाट बंद होते, चहा होईपर्यंत तो वितळतो. मग मी उठून गेज लावला. गॅस जरा कमी होता, आणि गॅस कमी असला तरी बर्फ धरतो. ओल शोषणारी जुनी ड्रायरची बाटली बदलली, व्हॅक्यूम लावला, काटा टिकला, गॅस भरला. मी एकटाच एरंडोलपर्यंत जाऊन परत आलो. जाताना गार, येताना गार. परतीच्या वाटेवर मी मोठ्याने बोललो, गाडीत कुणी नव्हतं म्हणून. म्हटलं, हिलाल, बघ. रस्ता मिळाला आणि झालं. वाद संपला.

पंधरा दिवसांनी तीच गाडी आली. चारी काचा खाली.

शेठ रागावले नाहीत. “तुमची चूक नाही हो, गाडीच जुनी,” म्हणाले आणि फोन घेऊन बाहेर गेले. ही सभ्यता मला झोंबली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पुन्हा गेज लावले. सगळं बरोबर. काय करावं सुचेना म्हणून वळलो, तर माजी टेबल फॅनसमोर बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर घडी केलेली लोकरीची शाल होती. जळगावात, मे महिन्यात. मागच्या वेळीही ती होती. मी तेव्हा पाहिली होती, आणि बघून सोडून दिली होती.

“माजी, या उन्हात शाल?” मी विचारलं, थोडं वैतागूनच.

“गाडीत गुडघे गारठतात, भाऊ.”

“मग पांघरता?”

“पांघरून काय होतं? वारा वरून येतो ना गुडघ्यावर. तिथे खोचते.”

“कुठे?”

“पुढे, तो कागदांचा खण असतो ना, त्याच्या खाली. गच्च बसते. डॉक्टरांनी पाय पसरून बसायला सांगितलं, तेव्हापासून मी पुढेच बसते.”

“कधी खोचता?”

“मुकटी आली की गार वाटायला लागतं, तेव्हा. चहाला उतरताना काढून अंगावर घेते. बसलं की परत.”

गाडीतलीच हवा फिरवत ठेवली, की ती त्या खणाखालच्या जाळीतून आत ओढली जाते. माजी मुकटीपासून त्या जाळीला लोकरीचा बोळा लावत होत्या. हवा कमी, कॉइलवर बर्फ, पारोळा. शाल काढली, बर्फ वितळला, एरंडोल. मी एरंडोलपर्यंत एकटा गेलो होतो, माझे गुडघे ठणठणीत आहेत. बर्फ धरण्याआधी कंप्रेसर थांबवणारा सेन्सरही आळशी झाला होता, तो मी बदलला. ही अर्धी बाजू माझी होती, नोंद असू दे.

“मागच्या वेळी का नाही सांगितलं, माजी?”

“विचारलं कोणी?” त्यांनी शाल दुसऱ्या मांडीवर घेतली. “हिलाल पहिले मला विचारायचा. कुठे बसला होतात, गार लागलं का, काच कोणी उघडली. गाडीला मग विचारायचा.”

डॉक्टरसायेब गाडीमा कोठे बसतस. उस्तादांच्या गॅरेजात तू हे सगळ्यांदेखत विचारलं होतंस, माझ्या कानावर पडेल असं, आणि मी तीस वर्षं लोकांना तुझं घोरणं सांगत आलो. तुझी दुसरी गोष्ट ती होती. न विचारता सांगितली असतीस तर मी ऐकली नसती, हेही तुला माहीत होतं. म्हणूनच तू अट घातलीस, आणि अट पुरी होण्याआधी गेलास.

गुडघ्यांवरचा झरोका मी बंद करून दिला आणि शाल अंगावरच ठेवा म्हणून सांगितलं. गाडी काचा वर करून धुळ्याकडे गेली. इतकी वर्षं मला हेच बघायचं होतं, धुळ्याची गाडी माझ्याकडून काचा वर करून जाताना. बघितलं. वाद तू जिंकलास हे मी इथे लेखी देतो. पण मत्सर गेला असं समजू नकोस. उलट आता तो नीट बसला. आधी मी तुझ्या रस्त्यावर जळत होतो, आणि रस्ता काय, कुणालाही मिळतो. तुला त्या म्हातारीला विचारावंसं वाटायचं. मला वाटलं नव्हतं. मॅन्युअलात ते नाही, आणि असतं तर मी ते पान वाचून पुढे गेलो असतो.

परवा सुनील आला. तू नाहीस, तेव्हा आता तो सीटवर ताठ बसून येतो. धुळ्याला लग्न होतं, परत येताना एसीने दगा दिला, काचा खाली. तो उतरून लगेच बोलू लागला, कंप्रेसर गेला असेल, अमुक झालं असेल. मी त्याला बाकावर बसवलं. हो, मी बाक घेतला आहे. गादी नवी आहे, अजून फाटायची आहे. मग मी मागच्या खिडकीशी गेलो आणि वाकून विचारलं, “वहिनी, तुम्ही कुठे बसला होतात?”

त्या हसल्या. “अगंबाई. हिलालभाऊ अस्संच विचारायचे.”

छातीत जुनं ते बरोबर जागेवर दुखलं.

“हो,” मी म्हटलं. “त्याचंच आहे. आता सांगा, पारोळ्याला काय झालं?”